गिलाव्याआधी विचारतो : वीस वर्षे टिकतील असे स्पीकर आणि त्यांच्या तारा

काळी माती (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. जुने कवेलूंचे घर उतरवून त्याच जागी स्लॅबचे घर बांधायला घेतले आहे. भिंती उभ्या झाल्या आहेत आणि पंधरा दिवसांत गिलावा सुरू होईल. भिंतीत पाइप टाकायचे तर ते त्याआधीच टाकावे लागतील, म्हणून हा धागा आत्ता काढतो आहे.

बैठकीची खोली १२ बाय १६ फुटांची आहे. तिथे दोन स्पीकर हवेत आणि समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, दोन, कारण वडिलांची पहाट सपरीतच उजाडते आणि खंजिरी भजन कानावर पडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. ऍम्प्लिफायर ज्या कोनाड्यात ठेवणार आहे तिथून बैठकीतला लांबचा स्पीकर तारेच्या वाटेने ६ मीटर पडतो आणि सपरीतला १८ मीटर.

आधीचा संच घेऊन नऊ वर्षे झाली होती. गेल्या पावसाळ्यात त्याच्या वूफरच्या, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या, पडद्याभोवतीची काळी कड बोटाला चिकट लागू लागली आणि दिवाळीच्या साफसफाईत फडके फिरवले तेव्हा ती फडक्याबरोबर चुरा होऊन निघून आली. पेटीचा तळ ओल धरून इतका फुगला आहे की मागचे स्क्रू पाना न लावता हाताने फिरतात. आता पुन्हा तसे नको. खर्च ३० हजारांच्या आत बसवायचा आहे. तालुक्याचा दुकानदार त्यात 'हजार वॅट'चा चकचकीत संच देतो म्हणतो. घ्यावा का? आणि तारा कोणत्या टाकाव्यात?

रेडिओ दुरुस्तीवाला (अचलपूर)

आपल्या वूफरची कड फोमची होती, म्हणून ती गेली. त्यात आपल्या वापराचा दोष नाही. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलीने आणि उष्णतेने आतून तुटत जातो. स्पीकर रोज वाजवला काय आणि कापडात गुंडाळून ठेवला काय, दहा-पंधरा वर्षांत तो जायचाच, आणि आपल्याकडे मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या मागोमाग चार महिने दमट हवा येत असल्यामुळे तो मुदतीआधीही जातो. माझ्या बाकावर दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती वूफरांपैकी बहुतेकांची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) शाबूत असते, चुंबक शाबूत असते, फक्त कड गेलेली असते.

म्हणून दुकानात पहिली गोष्ट पाहावी ती कड. जाळी काढायला सांगावी आणि बोटाच्या टोकाने कड हलकेच दाबावी. रबराची कड गुळगुळीत, जडसर आणि लवचीक लागते. फोमची कड मऊ, निस्तेज आणि बारीक छिद्रांची दिसते. तिसरा प्रकार कापडी कडेचा. ती घडीघडीची असून तिला लेप दिलेला असतो, आणि भजनी मंडळांच्या व मंडपवाल्यांच्या मोठ्या स्पीकरांना तीच असते. रबर आणि लेप दिलेले कापड या दोन्ही कडा कित्येक दशके जातात, मात्र स्पीकरवर थेट ऊन पडू देऊ नये. जाळी काढूच न देणाऱ्या दुकानातून निघून यावे.

कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, कागदाचा असला तरी बैठकीत काही बिघडत नाही. कागद आवाजाला चांगला असतो आणि फाटला तर कोन बदलून मिळतो. सपरीत मात्र पावसाची झड येते, तिथे पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कड घ्यावी. कंपनीने स्पीकर पेटीला चिकटवून बसवला आहे की स्क्रूंनी, हेही पाहून घ्यावे, कारण जो स्पीकर चार स्क्रू काढून बाहेर येतो त्याची दुरुस्ती तालुक्याला होते, आणि जो चिकटवलेला असतो तो मी उघडेपर्यंत त्याची पेटी फुटलेली असते.

आता पेटी. आपली फुगलेली पेटी भुशाच्या दाबलेल्या फळीची असणार. तिच्या कापलेल्या कडेला एकदा पाणी लागले की ती पुन्हा बसत नाही. खर्च बेताचा असेल तर मोकळे स्पीकर घेऊन गावच्या सुताराकडून १८ किंवा १९ मिलिमीटरच्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडची पेटी करून घ्यावी, मात्र आतले माप स्पीकरच्या कागदावर दिलेल्या लिटरांप्रमाणेच ठेवावे. आपल्या भागात सागाचा अभिमान मोठा आहे आणि तो रास्तही आहे, पण अखंड सागाची फळी ऋतूप्रमाणे आवळते आणि पसरते, त्यामुळे जोड सुटून पेटी खरखरू लागते. सागाच्या पट्ट्या बाहेरून शोभेला लावाव्यात, पेटी प्लायचीच करावी. पेटीखाली वीतभर उंचीचा लोखंडी स्टँड ठेवला की फरशी पुसतानाचे पाणी आणि वाळवी, दोन्ही दूर राहतात.

शाळेचा गुरुजी (हिंगणघाट)

'हजार वॅट' या शब्दाविषयी थोडे लिहितो. आमच्या गल्लीत एकाने असाच हजार वॅट लिहिलेला ऍम्प्लिफायर आणला होता. त्याचे झाकण उघडून पाहिले तर आत १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि ४४४० क्रमांकाची एक आयसी होती. १२ गुणिले ३ म्हणजे ३६. जो ट्रान्सफॉर्मर मुळात ३६ वॅटच आत घेऊ शकतो, तो हजार वॅट बाहेर कुठून देणार? ती आयसी चांगली आहे, पण १३.२ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला तिच्या दोन्ही बाजू एकत्र जोडून १९ वॅट आणि वेगवेगळ्या जोडून प्रत्येकी ६ वॅट एवढीच तिची ताकद. खोक्यावरचा मोठा आकडा 'पीएमपीओ'चा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, असतो आणि तो ठरवण्याची कोणतीही एक पद्धत नाही. आपण फक्त 'आरएमएस', म्हणजे सतत मिळणाऱ्या खऱ्या ताकदीचा आकडा विचारावा, आणि तो किती ओहमला दिला आहे तेही विचारावे.

घराला किती लागतो, त्याचा हिशेब असा. स्पीकरच्या कागदावर ८८ डेसिबल लिहिले असेल तर त्याचा अर्थ १ वॅट दिल्यावर १ मीटरवर तेवढा आवाज. मोकळ्या जागी ३ मीटरवर तो साधारण साडेनऊ डेसिबलने उतरतो. पहाटेच्या भजनाला ७५ डेसिबल पुष्कळ झाले, आणि त्यासाठी अर्धा वॅटसुद्धा लागत नाही. खंजिरीच्या थापेसारखा अचानक उसळणारा आवाज स्वच्छ यावा म्हणून वीस-तीस पट जागा शिल्लक ठेवावी. म्हणजे एका स्पीकरला दहा-पंधरा वॅट झाले; बैठक आणि सपरी दोन्ही धरली तरी प्रत्येक बाजूला ३० ते ५० खरे वॅट पुरतात. लहान ऍम्प्लिफायरचा कान पिळून तो शेवटपर्यंत फिरवला की लाटांचे शेंडे कापले जातात आणि त्यात सर्वांत आधी ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जळतो. लोक मात्र म्हणतात की स्पीकर कमी वॅटचा होता.

आणखी एक गोष्ट आपल्या नकाशावरून लक्षात आली. बैठक आणि सपरी एकाच वेळी वाजवायची तर ८ ओहमचे दोन स्पीकर एका बाजूला समांतर लागतील आणि ऍम्प्लिफायरला ते ४ ओहम दिसतील. मागच्या पट्टीवर '४ ते ८ ओहम' असे स्पष्ट लिहिलेले असल्याशिवाय ही जोडणी करू नये. सर्व स्पीकर ८ ओहमचेच घ्यावेत.

सपरीवरचा (नेर)

एवढा खटाटोप कशाला? चार्जिंगचा ब्लूटूथ स्पीकर घ्या, सपरीत न्या, आत आणा. तारही नको आणि पाइपही नको. माझ्याकडे आहे.

रेडिओ दुरुस्तीवाला

घ्यायला हरकत नाही, वावरात नेण्यासाठी तो उत्तमच. पण धागाकर्त्याला वीस वर्षे हवी आहेत. त्या स्पीकरची बॅटरी आपल्या उन्हाळ्यात तीन-चार वर्षांत दम टाकते, आणि बहुतेकांची ती आत चिकटवलेली असते. आपला किती वर्षांचा झाला?

सपरीवरचा

दोन. आता तासाभरात बंद पडतो, हे खरे आहे.

तीन बावीस (वायरमन, मूर्तिजापूर)

तारांचे मी सांगतो. माझ्या नावावर हसू नका. आमच्या उस्तादांच्या काळात तारेचे माप चौरस मिलिमीटरमध्ये कोणी सांगत नसे, 'तीन-बावीस' (२२ गेजचे तीन धागे), 'सात-वीस' असेच बोलत.

बाजारात स्पीकरची म्हणून जी लाल-काळी किंवा पारदर्शक जोडतार मीटरवर मिळते, तिच्यात आज फार मोठा घोळ आहे. पुष्कळशी तार ऍल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. वरून ती तांब्यासारखीच दिसते. पण तिची वहनक्षमता तांब्याच्या दोन-तृतीयांशही नसते, दोन-चारदा वाकवली की तिचे धागे तुटतात, आणि स्क्रूखाली दाबली की काही महिन्यांत ढिली होऊन खरखर सुरू होते. ओळखायची कशी? एक धागा ब्लेडने खरवडा, आत पांढरा निघाला तर ऍल्युमिनियम. याहून पक्की परीक्षा वजनाची आहे, पण तिचे गणित गुरुजींनी सांगावे.

माझा सल्ला असा की स्पीकरची म्हणून तार घेऊच नये. आयएसआय शिक्का असलेली घरगुती वायरिंगची तांब्याची लवचीक तार घ्यावी, दोन रंगांची, आणि ड्रिल मशीनच्या तोंडात दोन टोके धरून पीळ घालून घ्यावा. रंग पांढरा आणि करडा निवडावा. लाल, पिवळा, निळा, काळा व हिरवा हे रंग विजेच्या वायरिंगसाठी राखलेले असतात, आणि उद्या आपल्या घरात दुसरा वायरमन आला तर त्याला एका नजरेत कळले पाहिजे की ही तार स्पीकरची आहे.

स्पीकरचा पाइप वेगळाच टाकावा, २५ मिलिमीटरचा. विजेच्या तारांच्या पाइपातून स्पीकरची तार कधीही नेऊ नये. गुणगुण येते हा भाग निराळा. खरा धोका असा की आत उंदराने किंवा उष्णतेने दोन्हींचे आवरण गेले तर स्पीकरच्या टोकाला २३० व्होल्ट येतील. पाइपांची तोंडे खोक्याजवळ जाळीने बुजवावीत, कारण उंदीर बहुधा उघड्या तोंडातूनच आत येतो.

आपले गाव काळ्या मातीवर आहे, म्हणून हे विशेष. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया खोल नसेल तर पहिल्या दोन-तीन वर्षांत भिंतींना तडे जातात, विशेषतः सपरी आणि मुख्य घर यांच्या सांध्यात. त्या सांध्यात पाइप ताठ बसवला तर तो तिथेच मोडतो. मी तिथे हातभर लवचीक पाइप घालतो आणि आत तार थोडी ढिली सोडतो. पाइपात एक रिकामी जी.आय. (जस्त चढवलेली लोखंडी) तारही ओढून ठेवावी. पुढे काही बदलायचे झाले तर भिंत फोडावी लागत नाही.

शाळेचा गुरुजी

वजनाचे गणित सोपे आहे. तांब्याची घनता दर घन सेंटीमीटरला ८.९६ ग्रॅम. त्यामुळे १.५ चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तारेतले तांबे जास्तीत जास्त साडेतेरा ग्रॅम भरते. मान्य सवलतीत बनवलेली चांगली तार १२ ते १३ ग्रॅमच्या घरात येते. मुलामा दिलेली ऍल्युमिनियमची तेवढीच तार साडेपाच ग्रॅमच्या आत येईल. आवरण सोलून काढावे आणि सोनाराच्या काट्यावर ठेवावे. किराणाच्या काट्यावर हे कळणार नाही.

जाडी किती हवी? स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त अडथळा तारेत नसावा, असा संकेत आहे. ८ ओहमला ०.४ ओहम. लवचीक तांब्याच्या तारेचा अडथळा १.५ चौरस मिलिमीटरला दर किलोमीटरमागे १३.३ ओहम आणि २.५ला ७.९८ ओहम धरला जातो. तार जाते आणि परत येते, म्हणून अंतर दुप्पट करावे. बैठकीसाठी १२ मीटर झाले : १.५च्या तारेत ०.१६ ओहम, उत्तम. सपरीसाठी ३६ मीटर झाले : १.५च्या तारेत ०.४८, म्हणजे मर्यादेबाहेर, आणि २.५च्या तारेत ०.२९, म्हणजे आत. तेव्हा बैठकीला १.५ आणि सपरीला २.५. यापेक्षा जाड तार घालणे म्हणजे विहिरीच्या पाण्यात तांब्याभर पाणी ओतणे आहे.

बर्डीचा फेरफटका (नागपूर)

मला सीताबर्डीत एकाने ऑक्सिजनविरहित तांब्याची तार दाखवली. भाव चौपट होता. तिने आवाज खुलतो असे तो म्हणत होता.

शाळेचा गुरुजी

साध्या शुद्ध तांब्याच्या आणि तिच्या अडथळ्यात एक टक्क्याचाही फरक नाही. त्या पैशांत वडिलांसाठी सपरीत एक आरामखुर्ची येईल, तिच्याने भजन नक्की अधिक गोड लागेल.

पऱ्हाटी (बाभूळगाव)

मी एक चूक सांगते, ती दुसऱ्या कोणी करू नये. आमच्या घरी वायरिंग झाले तेव्हा मिस्त्रीने सपरीतल्या स्पीकरसाठी भिंतीवर साधा दोन पिनांचा सॉकेट बसवला आणि स्पीकरच्या तारेला तसाच दोन पिनांचा प्लग लावला. दिसायला नीटनेटके होते. पोळ्याच्या दिवशी बैल सजवण्याच्या धावपळीत सातवीतल्या पुतण्याने स्पीकर उचलून ओट्यावर नेला आणि तो प्लग शेजारच्या विजेच्या सॉकेटमध्ये खोचला. एकच मोठा हुंकार आला, कोन पुढे उसळला आणि जाळलेल्या वार्निशचा वास सपरीभर पसरला. कॉइल गेली. पुतण्याच्या हातात तेव्हा तारेचे उघडे टोक नव्हते, हे नशीब. स्पीकर दुरुस्तीला नेला तेव्हा कारागिराने सांगितले की अशा चार-पाच कॉइली वर्षाला येतात.

तीन बावीस

ताईंनी फार मोलाचे सांगितले. स्पीकरसाठी विजेच्या सॉकेटसारखे काहीही वापरू नये. भिंतीवर लाल-काळ्या चापांची किंवा बनाना पिनांची पट्टी मिळते, ती बसवावी. तारेची टोके डाग देऊन (सोल्डर करून) स्क्रूखाली दाबू नयेत. डागाचा धातू दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू ढिला पडतो. पिनेचा लग घालून पकडीने दाबावा. उघडे तांबे दमट हवेत हिरवे पडते, म्हणून दोन-तीन वर्षांनी टोक बोटभर कापून नवे करावे, आणि त्यासाठी प्रत्येक ठिकाणी हातभर तार जास्तीची ठेवावी.

काळी माती

सर्वांचे आभार. दुरुस्तीवाले काका, एक विचारायचे राहिले. आमच्याकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की दिवे मंद होतात, आणि मागे एकदा डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटला तेव्हा घरातले तीन दिवे आणि शेजाऱ्यांचा टीव्ही एकाच वेळी गेला. स्पीकर टिकला आणि ऍम्प्लिफायरच गेला तर काय उपयोग?

रेडिओ दुरुस्तीवाला

न्यूट्रल तुटला की घरात २३०च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. त्याला स्टॅबिलायझर पुरत नाही. मीटरच्या मागे बोर्डात जास्त-कमी दाबाला पुरवठा तोडणारे उपकरण बसवून घ्यावे. सगळ्या घराचे रक्षण होते. ऍम्प्लिफायर शक्यतो १०० ते २४० व्होल्टवर चालणारा घ्यावा, म्हणजे संध्याकाळी तो गुदमरत नाही. आत कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का, हेही कारागिराकडून पाहून घ्यावे. ८५ अंशांचे आपल्या कोनाड्यातल्या उष्णतेत लवकर सुकतात. दर १० अंशांना त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा आमचा ठोकताळा आहे. म्हणून कोनाड्याला दार लावू नये आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवावी.

अर्थिंगचा खड्डा मोरीचे पाणी मुरते त्या बाजूला घ्यावा. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण एप्रिलमध्ये ती भेगाळून पट्टीपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. आणि मृगाच्या आधीच्या गडगडाटात कोणत्याही यंत्रावर विश्वास न ठेवता प्लग काढून ठेवावा, टीव्हीच्या डिशची तारही काढावी. माझ्याकडे आलेले कितीतरी ऍम्प्लिफायर विजेच्या प्लगमधून नव्हे, त्या डिशच्या तारेतून जळालेले होते.

काळी माती (बारा दिवसांनंतर)

काम झाले, म्हणून कळवतो. तालुक्याच्या दुकानातून जोडतारेचा एक मीटर आणि दोन ठिकाणांहून घरगुती तारेचा एकेक मीटर मागून घेतला. सोनार आधी हसला, मग त्यालाच गंमत वाटू लागली. 'शंभर टक्के तांबे' असा छाप असलेल्या जोडतारेचा एक पदर ५.१ ग्रॅम भरला. घरगुती तारेचे दोन नमुने १२.४ आणि १२.७ भरले. पहिला तुकडा सोनाराने स्वतः कानशीने घासला आणि आतला पांढरा धातू दाखवत म्हणाला, "हे तर आमच्याही धंद्यात चालत नाही." बैठकीला १.५ आणि सपरीला २.५, पांढरी व करडी, अशी तार ओढून झाली आहे. सपरीच्या सांध्यात लवचीक पाइप घातला आहे. बैठकीचे साडेसहा इंची, रबरी कडेचे स्पीकर मोकळेच घेतले आणि पेट्या गावच्या सुताराकडून करून घेतल्या आहेत.

दीड व्होल्टच्या सेलने प्रत्येक तारेचे टोक तपासले; सेलचे धन टोक लाल चापाला लावले की चारही कोन बाहेर यायला हवेत. एका सपरीच्या स्पीकरचा कोन आत जात होता, तिथे टोके उलटी लागली होती, ती बदलली आणि भजनातला ढोलकीचा घुमारा परत आला.

एकच नवी अडचण आहे. पेटीला मागे जो नळीचा गोल तोंडाचा मार्ग आहे, त्यात दोन दिवसांत कुंभारीण माशीने चिखलाचे घर बांधायला घेतले आहे.

रेडिओ दुरुस्तीवाला

ती दर वर्षी येणार. नळीच्या तोंडावर मच्छरदाणीचे बारीक कापड लावू नका, हवा अडते आणि फुरफुर येते. धान्य चाळायच्या चाळणीची, मच्छरदाणीहून मोठ्या पण माशी शिरणार नाही अशा भोकांची जाळी गोल कापून आतून चिकटवा. तिच्यातून माशी येत नाही आणि पालही येत नाही. तुरीच्या मळणीच्या आठवड्यात मात्र पेट्यांवर जुने लुगडे टाकून ठेवा, कुटाराची धूळ कॉइलच्या फटीत गेली की ती काढायला स्पीकर माझ्याच बाकावर आणावा लागेल.